कॅलेंडर सर्वांना दिसावे, बदलण्याचा अधिकार मोजक्यांकडे असावा

महोदय,

आमच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेत ६४ सदनिका आहेत. सभागृहाचे आरक्षण वर्षानुवर्षे वॉचमनच्या टेबलावरील लांबट वहीत होत असे. ती वही बंद करून आम्ही गुगल कॅलेंडर सुरू केले आणि ‘आपलीच माणसे आहेत’ या भावनेने सर्व सभासदांना त्यात बदल करण्याची मुभा दिली. हा निर्णय सचिव या नात्याने माझाच होता, म्हणून हे पत्र.

एका सभासदाच्या नातवाचे बारसे शनिवारी होते. ती नोंद कोणाच्या तरी हातून रविवारवर सरकली. मोबाइलवर नोंद दाबून धरली आणि बोट हलले की एवढे सहज होते. शनिवार मोकळा दिसल्याने दुसऱ्या कुटुंबाने तेथे साखरपुडा नोंदवला. शनिवारी सकाळी सभागृहाच्या दारात एकीकडे पाळणा सजवणारे आणि दुसरीकडे केटररची पातेली, असे दृश्य उभे राहिले. बारसे अकरापर्यंत उरकून साखरपुडा दुपारी करण्यावर तडजोड झाली. नोंद कोणी हलवली हे आजतागायत समजलेले नाही, आणि मुद्दाम कोणी केले असेल असे मला वाटतही नाही.

नंतर सेटिंग नीट वाचल्यावर लक्षात आले, की आपण दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत करतो. संपूर्ण कॅलेंडर शेअर करताना समोरच्याला फक्त ‘वेळ मोकळी की व्यस्त’ एवढेच दाखवता येते, सर्व तपशील दाखवता येतात, नोंदी बदलू देता येतात किंवा इतरांना अधिकार वाटण्याची सत्ताही देता येते. एखाद्या कार्यक्रमाचे निमंत्रण पाठवणे ही याहून निराळी बाब आहे. तेथे पाहुण्याला इतरांना बोलावण्याची व पाहुण्यांची यादी पाहण्याची मुभा सहसा आपोआप मिळते, परंतु कार्यक्रम बदलण्याची मुभा यजमानाने स्वतः खूण केल्याशिवाय मिळत नाही. ती नसताना पाहुण्याने वेळ बदलली, तर तो बदल केवळ त्याच्या स्वतःच्या कॅलेंडरपुरता राहतो. ही मूळ व्यवस्था शहाणपणाची आहे. आपणच उदारपणे ती मोडतो.

दर आठवड्याच्या योगवर्गासारख्या नोंदीत तर अधिक जपावे लागते, कारण बदल करताना ‘फक्त हा कार्यक्रम’ की ‘सर्व कार्यक्रम’ असा प्रश्न येतो आणि घाईत दुसरा पर्याय निवडला गेला, तर वर्षभराचा वर्ग एका क्षणात हलतो. पुसलेली नोंद कचरापेटीतून ३० दिवसांच्या आत परत आणता येते. सरकवलेली नोंद मात्र तेथे जातच नाही, ती आधी कोठे होती हे कोणाला तरी आठवावे लागते.

चार भावंडांनी मिळून आईच्या डॉक्टरभेटी सांभाळायच्या असतील, तर प्रत्येकाला बदलाची मुभा असणे सोयीचे आणि आवश्यकही आहे. ६४ कुटुंबांचे सभागृह ही तशी बाब नव्हे. आता आमच्याकडे कॅलेंडर सर्वांना दिसते, बदल सचिव व खजिनदार करतात, आणि सभासद आपली मागणी संदेशाने कळवतात. यामुळे नोंद होण्यास कधी अर्धा दिवस लागतो आणि त्याबद्दल दोघा-तिघांची कुरकुर अजून सुरू आहे.

आपला विश्वासू,
एका गृहनिर्माण संस्थेचा मानद सचिव, पुणे