भूकंपाच्या बोल्टांचं गाव

प्रिय गड्या,

सप्रेम नमस्कार.

बोटीवर फोन लागत नव्हता, आणि हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतंही, म्हणून कागद घेतला. लेकीनं हट्टानं आम्हा दोघांना क्रूझवर चढवलं. बाल्टिमोरहून निघायचं, बहामाला जायचं नि परत. बोटीचं म्हणशील तर नुसतं खाणं. नाश्त्याची रांग मोडत नाही तोवर जेवणाची लागते. ते सोड. वाटेत एक दिवस चार्ल्स्टनला उतरलो, ते सांगायचंय.

साउथ कॅरोलायनातलं हे जुनं बंदर इंग्रजांनी १६७० साली वसवलं. एका अंगाला अ‍ॅशली नदी, दुसऱ्या अंगाला कूपर, मधल्या चिंचोळ्या जमिनीवर गाव. तिथले लोक थट्टेनं म्हणतात, या दोन नद्या एकत्र आल्या की अटलांटिक समुद्र होतो. प्रीतिसंगमावरून आपल्या कऱ्हाडकरांनीसुद्धा एवढी फुशारकी मारली नाही! धक्क्यावरून पायी निघालो तर थोड्याच वेळात बाजारात. पुढे ईस्ट बे रस्त्यावर गुलाबी, पिवळी, निळी अशी तेरा घरं ओळीनं आहेत. सगळी बोट तिथं फोटो काढायला लोटली होती, हीसुद्धा.

माझी नजर मात्र पीडब्ल्यूडीची. शेजारच्या गल्लीत एका घराच्या भिंतीवर, मजल्याच्या उंचीला, लोखंडी चकत्या दिसल्या. पुढच्या घरालाही होत्या. कुठे गोल, कुठे फुलीसारख्या. एका घरानं तर त्यावर सिंहाची तोंडं बसवलेली! विचारल्यावर कळलं, हे ‘अर्थक्वेक बोल्ट’. ३१ ऑगस्ट १८८६ च्या रात्री इथं मोठा भूकंप झाला, साठएक माणसं गेली, विटांच्या भिंती फुगल्या. मग या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत मजल्याखालून लोखंडी सळ्या घातल्या आणि बाहेरून चकती लावून नट आवळले. म्हणजे घराला चक्क कंबरपट्टा. याचा किती उपयोग, यावर तिथंही वाद आहे. तेवढा मोठा धक्का पुन्हा बसलेला नाही, त्यामुळे परीक्षा झालीच नाही.

मला तिथं उभ्या उभ्या ११ डिसेंबर १९६७ ची पहाट आठवली. कोयनेचा धक्का, धुळीनं भरलेलं अंगण, आणि तुझी आई आपल्या दोघांना एकाच घोंगड्यात गुंडाळून बसलेली. नंतर कितीतरी रात्री थंडीत उघड्यावर काढल्या. आपल्या भिंतींना सळ्या कुठल्या? वाशांचे टेकू दिले की झालं.

घरांची बांधणीही गमतीची. रस्त्याकडे फक्त एका खोलीची रुंदी, बाकी घर आत लांबलचक, आणि बाजूनं पडवी. तिला ते पियाझा म्हणतात. रस्त्यावरचं दार उघडलं की घरात नाही, पडवीत शिरतो. कर वाचवायला दर्शनी भाग अरुंद ठेवला, अशी एक कथा सांगतात. मला काही ती पटली नाही. त्या दमट उकाड्यात समुद्राचं वारं घरात घ्यायला दुसरा उपाय काय?

पण गड्या, एवढं देखणं गाव उभं केलं कुणी? चामर्स नावाची गल्ली आहे, जहाजांत वजनाला भरून आणलेले गोटे अंथरून केलेली. तिथं गुलामांच्या बाजाराची इमारत अजून आहे, आता संग्रहालय. १८५६ मध्ये उघड्या रस्त्यावरचे लिलाव गावानं बंद केले, आणि धंदा भिंतीआड गेला. बंद नाही झाला, आड गेला. उत्तर अमेरिकेत आणलेल्या आफ्रिकी गुलामांपैकी जवळपास ४० टक्के या एकाच बंदरातून आले, असं मानतात. ते जिथं उतरायचे त्या गॅड्सडेन धक्क्यावर २०२३ मध्ये मोठं संग्रहालय झालं. इमारत खांबांवर उचललेली आहे, जमिनीला टेकत नाही. खाली फरशीवर माणसांच्या आकृत्या, जहाजात कोंबत तशा अंगाला अंग लावून. वर पाणी चढतं, ओसरतं. ही बराच वेळ काही बोलली नाही. मीही नाही.

जेवायला बसलो तर ताटात काय यावं? भेंडीचं सूप, चवळीसारख्या दाण्यांचा भात आणि कोळंबीबरोबर मक्याच्या कण्या! भेंडी आणि ती चवळी, दोन्ही आफ्रिकेतून आलेली. एके काळी कॅरोलायना भातावर गबर झाली, पण दलदलीत खाचरं काढून भात पिकवला तो याच लोकांनी. बाजारात त्यांच्या वंशातल्या बायका गवताच्या टोपल्या विणत बसतात. त्यातला एक चपटा, रुंद प्रकार पाहून ही म्हणाली, “अहो, हे तर सूप!” खरंच, भात पाखडायचंच ते. किंमत ऐकल्यावर मात्र तिनं ते हळूच जागेवर ठेवलं.

एक राहिलंच. तिथल्या जुन्या विटांवर कुठे कुठे बोटांचे ठसे सापडतात. गुलामांनी पाडलेल्या विटा, त्यात पोरंही राबायची. ओली वीट उचलताना बोटं रुतलेली. हे ऐकल्यापासून मी भिंती चाचपतच फिरलो. लोक बघत होते. धक्क्याकडे परतताना एका भिंतीत तीन बारीक खळगे दिसले. माझी बोटं त्यात मावली नाहीत. ठसेच होते की वाऱ्यापावसानं पडलेले खळगे, देव जाणे.

संध्याकाळी बोट फोर्ट सम्टरवरून गेली. १२ एप्रिल १८६१ ला याच किल्ल्यावर तोफा डागून त्यांचं यादवी युद्ध सुरू झालं. तोही विटांचाच. डेकवर संगीत लावलं होतं, त्यामुळे फार वेळ थांबलो नाही.

तुमच्या परड्याकडची ती कललेली भिंत अजून आहे का रे? असली तर नातवाकडून एक फोटो काढून पाठव. टेकूच्या बाजूनं काढायला सांग.

वहिनींना नमस्कार. गुडघ्याला तेल लावत जा.

तुझाच,
ओव्हरसियर