'कोमट' म्हणजे किती अंश?

महोदय,

रविवारच्या पुरवणीत घरी पाव करण्याची कृती आली होती. त्यात 'यीस्ट कोमट पाण्यात घालावे' एवढेच छापले आहे, किती अंश ते नाही. तक्रार बारीक वाटेल. पण मी ३१ वर्षे सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते, आणि याच 'कोमट'पायी माझ्या मुलाची १९ लिटर बिअर दोन दिवस अडून बसली होती.

मुलगा शिकागोला असतो. तिकडे स्वतःपुरती बिअर घरी करायला मुभा आहे. आपल्याकडे दारूबंदी कायदा आहे, परवान्याशिवाय करता येत नाही, तेव्हा हे वाचून नागपुरात कोणी पातेले चढवू नये. त्याने पहिल्यांदाच सामान आणले: माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या जवाचा) घट्ट पाक, हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुले), यीस्टची ११ ग्रॅमची पुडी. तासभर उकळले, पातेले सिंकमध्ये गार पाण्यात ठेवले, अर्ध्या तासाने हात लावला, कोमट लागले, माल्टचा तो रस झाकणाच्या डब्यात ओतला, वर पुडी फोडून टाकली. तिसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला फोन. त्याच्याकडे रात्रीचे दहा.

"आई, दोन दिवस झाले, काहीच नाही होऊन राहिलं. एक बुडबुडा नाही."

"थर्मामीटर?"

"हात लावून पाहिला होता ना!"

हात लागला पातेल्याच्या बाहेरच्या अंगाला, जिथे सिंकचे गार पाणी होते. मधला रस किती तापलेला होता, देव जाणे. यीस्ट जिवंत असते, साखर खाऊन वायू सोडते. ४० अंशांच्या वर त्याचे हाल सुरू होतात, ५० च्या पुढे ते मरायला लागते. बिअरच्या एल जातीच्या (खोलीच्या तापमानाला काम करणाऱ्या) यीस्टला तर साधारण १८ ते २२ अंशच मानवतात.

बुडबुडे नाहीत म्हणजे यीस्ट मेलेच, असेही नाही. झाकण सैल असेल तर वायू तिकडून निघून जातो. म्हणून त्याला हायड्रोमीटर टाकायला लावला; तो रसाची घनता मोजतो, यीस्टने साखर खाल्ली की आकडा उतरतो. पहिल्या दिवशी १.०४८, आजही १.०४८. साखर जिथल्या तिथे.

मग दुसरी पुडी, आणि मी फोनवर ठाण मांडून. उकळून ३० अंशांपर्यंत निववलेले ११० मिली पाणी, त्यावर यीस्ट भुरभुरायचे, १५ मिनिटे हात लावायचा नाही. वर मळकट साय धरली. रस एव्हाना २० वर आलेलाच होता. ओतण्याआधी डबा चांगला हलवायला सांगितला, कारण उकळताना रसातला ऑक्सिजन निघून जातो आणि यीस्टच्या सुरुवातीच्या वाढीला तो लागतो. हलवता हलवता पोरगा म्हणतो, "जुने लोक थर्मामीटरशिवायच करत होते ना?" करत होते. पण मागच्या खेपेचा गाळ भांडंभर ओतत होते, यीस्ट त्यातच असते. १५१६ च्या बव्हेरियातल्या नियमात बिअरला जव, हॉप्स आणि पाणी एवढेच चालते, यीस्टचे नावही नाही. ते काय असते हेच तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते. तुझ्यापाशी एक पुडी आहे बाप्पा, आणि तुला ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी झाकणावरच्या, वायू बाहेर सोडणाऱ्या नळीतले पाणी डुबुक डुबुक करत होते. पाच मिनिटे त्याने फोन तिथेच धरून ठेवला.

आता पावाचे. मे महिन्यात दुपारी आमच्या गच्चीवरच्या टाकीचे पाणी मी मोजले आहे: ४३ अंश. ते आणखी 'कोमट' करायला कोणी गॅसवर ठेवले तर यीस्टचे काय होणार? डिसेंबरात सकाळी तेच पाणी १७ वर असते. पुढच्या कृतीत '३५ ते ३८ अंश' असे आकड्यात छापावे. ज्यांच्याकडे थर्मामीटर नाही त्यांच्यासाठी खाली एक ओळ: पाण्याचा थेंब मनगटाच्या आतल्या बाजूला टाकावा, गरमही लागू नये, गारही नाही. हात पाण्याला लावायचा, पातेल्याला नाही.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक
त्रिमूर्तीनगर, नागपूर