चार ते सहा: शेजारच्या काकूंचे जाहीर आभार

ती. काकू,
सा. न.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही “परकी समजतेस का गं आम्हाला?” म्हणून गप्प बसवता. म्हणून आता लिहून, चारचौघांत मानते. दुसरंही एक कारण आहे. इथे कॅनडात, मिसिसागात आपल्या लोकांच्या कार्यक्रमांत अंड्याची ॲलर्जी असलेल्या मुलांचे आईबाप भेटतात, लेकीच्या ओरल इम्युनोथेरपीबद्दल, म्हणजे ज्याची ॲलर्जी तेच तोंडावाटे थोडं थोडं देण्याच्या उपचाराबद्दल, विचारतात. औषध कसं देतात ते त्यांना डॉक्टर समजावतीलच. पण ही थेरपी घरात कुणाच्या जिवावर चालते, ते दवाखान्यात कुणी सांगत नाही.

लेकीची ॲलर्जी जरा जास्तच होती. अंडं न चालणाऱ्या मुलांपैकी साधारण दोन तृतीयांश मुलांना केकमध्ये भाजलेलं अंडं चालून जातं, कारण उष्णतेने अंड्यातली काही प्रथिनं मोडतात. हिला केकच्या घासानेही अंगभर गांधी उठायच्या, उलटी व्हायची, छाती वाजायची. “एवढ्याशाने काय होतंय, सवय लावा” म्हणणारे तुम्हीही ऐकलेत. गंमत म्हणजे उपचार सवयीचाच निघाला. फक्त तो मिलिग्रॅममध्ये मोजून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली करायचा असतो. घरच्या घरी कुणी करायला जाऊ नका, हे इथे वाचणाऱ्यांसाठी.

अंड्याच्या पांढऱ्या भागाची पूड रोज द्यायची. मात्रा वाढवायची ती दवाखान्यातच, त्यांच्या डोळ्यांदेखत. आणि पुढच्या खेपेपर्यंत तीच मात्रा घरी चालू ठेवायची. हे ऐकल्यावर तुम्ही म्हणालात, “चाणक्य चंद्रगुप्ताला जेवणातून थोडं थोडं विष द्यायचा म्हणतात, त्यातलंच हे.” डॉक्टरांना सांगितलं तर ते खूश झाले. त्यांनी सांगितलं की इंग्लंडमधल्या आल्फ्रेड स्कोफील्ड यांनी १९०८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अशाच एका तेरा वर्षांच्या मुलाची हकिकत छापली होती. त्याची सुरुवात एका अंड्याच्या दहा हजाराव्या भागापासून झाली होती.

खरी अडचण पुडीची नव्हतीच. मात्रा रिकाम्या पोटी द्यायची नाही, दिल्यावर दोन तास धावणं-उड्या मारणं नाही, गरम पाण्याची आंघोळ नाही, लगेच झोपू द्यायचं नाही, आणि तेवढा वेळ एपिपेन (ॲड्रिनॅलिनचं तयार इंजेक्शन) वापरता येणारं मोठं माणूस समोर हवं. हे रोज. सकाळी शाळेची घाई, रात्री झोपेची वेळ, म्हणजे उरतात संध्याकाळचे चार ते सहा. तेव्हा आम्ही दोघंही टोरंटोत ऑफिसात किंवा गो ट्रेनमध्ये. आपल्या ऑन्टारियो प्रांतात शाळांसाठी २००५ चा सॅब्रिनाज लॉ हा कायदा आहे. ॲनाफिलॅक्सिसचं, म्हणजे ॲलर्जीच्या जीवघेण्या झटक्याचं, काय करायचं याची योजना शाळेला ठेवावीच लागते. शेजारणीला कुठला कायदा बांधून घालणार?

आणि शेजारीण कोण, तर जिच्या स्वयंपाकघरात जन्मात अंडं शिरलं नाही ती! मी विचारायलाही कचरत होते. तुम्ही एकच प्रश्न विचारलात, “वास येतो का गं फार?” मग खिडकीच्या कट्ट्यावर तिची वेगळी वाटी, वेगळा चमचा, वेगळं फडकं मांडलंत. काकांनी सोनाराकडे असतो तसला बारीक काटा मागवला. आधी पोळी-तुपाचा रोल, मग डबाबंद आमरसात कालवलेली पूड. सुरुवातीला तुम्ही गरम पेजेत घालू का म्हणून विचारलंत. डॉक्टरांनी नको म्हटलं, कारण गरम केलं की प्रथिन बदलतं आणि मग आपण नक्की किती देतोय त्याचा हिशेब राहत नाही. तेव्हापासून दोन फ्रीज भरतील इतका आमरस तुम्ही साठवलात. मात्रेनंतर सापशिडी, पत्ते, कॅरम. गड्डा झब्बू हिने तिथेच शिकून घेतला, आणि आता मला हरवते.

तुमच्या कालनिर्णयबद्दल तर दवाखान्यातली नर्स अजून बोलते. तिथीच्या खाली बारीक अक्षरात तुम्ही लिहायचात: “४.१०. तोंडाला खाज, पंधरा मिनिटं.” “पोट दुखलं, खेळली नंतर.” “काही नाही.” एकादशीच्या चौकटीत अंड्याच्या पुडीचं वजन! महिनाभराच्या नोंदी ओळीने पाहिल्यावर नर्सलाही दिसलं की सर्दीच्या आणि अपुऱ्या झोपेच्या दिवशी त्रास जास्त होतो. तसं होतंच, आजारपणात मात्रा कमी करायला सांगतात ती त्यासाठीच.

पण आजारपण ताप येण्याआधी दिसत नाही. त्या गुरुवारी मात्रा रोजचीच होती. तासाभराने मानेवर गांधी, मग खोकला, मग उलटी. नुसत्या गांधी असत्या तर ॲलर्जीचं औषध पुरलं असतं. जोडीला श्वासाचा किंवा पोटाचा त्रास आला की ॲड्रिनॅलिन, आणि तेही वाट न पाहता, हे तुम्ही बिनसुईच्या नमुना पेनवर घोकून ठेवलं होतंत. तुम्ही मला फोन केला नाहीत. निळं झाकण काढलंत, नारिंगी टोक पँटवरूनच मांडीच्या बाहेरच्या बाजूला दाबलंत, “एक, दोन, तीन” मोजलंत, काकांना ९११ लावायला सांगितलंत, आणि मग मला. गो ट्रेन पोर्ट क्रेडिटच्या अलीकडे होती. फोनवर तुमचा पहिला शब्द होता, “दिलंय.” पुढचे चार तास इमर्जन्सीत लक्ष ठेवलं त्यांनी, तिथल्या डॉक्टरने विचारलं, इंजेक्शन इतक्या वेळेवर दिलं कुणी? मी तुमच्याकडे बोट दाखवलं. तुम्ही तिच्या वेणीचं रिबीन बांधत होतात.

दुसऱ्या दिवशी तुम्ही सुटका मागितली असती तरी मी काही म्हटलं नसतं. तुम्ही विचारलंत, “आता मात्रा किती कमी करायची म्हणाले?”

आज ती रोज एक तृतीयांश अंड्याइतकं खाते. ॲलर्जी गेली असं मी कुणाला सांगत नाही. २०१२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चाळीस मुलांना अशी पूड दिली होती. २२ महिन्यांनी ७५ टक्के मुलं चाचणीत पास झाली, पण दोन महिने पूड बंद ठेवल्यावर पुन्हा तपासलं तेव्हा २८ टक्केच उरली. म्हणजे खात राहावं लागणार. पण वाढदिवसाच्या पार्टीत दुसऱ्याच्या ताटलीतलं काही चुकून तोंडात गेलं तर काय, ही धास्ती आता पूर्वीसारखी उरात बसलेली नाही.

आता शनिवार-रविवारी ती सकाळी आमच्याकडे मात्रा घेते, बाकी दिवस अजून तुमच्याकडेच. तुमच्या एपिपेनची तारीख या महिन्यात संपतेय. शनिवारी नवीन घेऊन येते, जुनं माझ्याकडे द्या, फार्मसीत परत करायचंय. काकांना सांगा, कॅरमची पावडर मीच आणतेय.

तुमची,
शेजारची