तुमच्या पुस्तकांत आता पेन्सिलीच्या खुणा आहेत

तुळजापूर,
रविवार, रात्र

ती. आई व बाबांना सा. नमस्कार.

बाबा, आधी कबुली देते. माडीवरच्या कपाटातली लढायांची पुस्तकं मी बाहेर काढली आणि त्यांत आता पेन्सिलीनं लिहिलेलं आहे. लहानपणी एका पानाचा कोपरा दुमडला म्हणून तुम्ही मला आठ दिवस कपाटाला हात लावू दिला नव्हता, ते मी विसरलेले नाही. तरी मी लिहू दिलं. फोनवर आपण औषधं आणि पावसापलीकडे जात नाही, म्हणून पत्र लिहिते आहे.

नोव्हेंबरात आमच्या बँकेत हयातीचे दाखले द्यायला पेन्शनर येतात. त्यांत माजी सैनिकही बरेच असतात. तुमचं १९७१च्या युद्धावरचं पुस्तक मी जेवणाच्या सुट्टीत वाचायला नेलं होतं, ते टेबलावरच होतं. एक सुभेदार साहेब रांग सोडून आले आणि म्हणाले, "ताई, ह्यात जमालपूर हाय का?" मी पान काढून दिलं. बाकड्यावर बसून ते वाचत राहिले. बँक बंद व्हायची वेळ झाली आणि दाखला राहून गेला. दुसऱ्या दिवशी ते आले तेव्हा सोबत आणखी दोघं होते.

तिथून हे सुरू झालं. आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आपल्या घरी, खालच्या ओसरीवर, नऊ-दहा जण जमतात. सगळ्यात मोठे १९६५च्या लढाईतले, त्यांना एका कानानं ऐकू येत नाही. सगळ्यात लहान कारगिलच्या वेळचे हवालदार, ते आता एका गोदामावर रखवालदार आहेत. बाकीच्यांची नजर अधू झालेली, म्हणून वाचायचं काम त्यांच्याकडे. श्रावणात आजी पोथी लावायची तसंच हे चालतं: एकानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं आणि जिथं अर्थ लावायचा तिथं थांबवायचं. वाचणाऱ्याला थांबवलं की कुणी रागवत नाही.

जमालपूरला, म्हणजे आताच्या बांगलादेशातल्या त्या शहरापाशी, मात्र पोथी फार वेळ थांबली. बाबा, तुम्ही वर्गात ते सांगायचात असं तुमचे जुने विद्यार्थी अजून सांगतात. ९ डिसेंबर १९७१ला आपल्या ब्रिगेडियर क्लेर यांनी आत अडकलेल्या पाकिस्तानी पलटणीला शरण या म्हणून पत्र धाडलं. उलट टपाली आलेल्या चिठ्ठीत बंदुकीची गोळी गुंडाळलेली होती आणि निरोप होता की पुढच्या भेटीत हातात लेखणीऐवजी स्टेनगन घेऊन या. शहराच्या दक्षिणेला वाट अडवून बसली होती १ मराठा लाइट इन्फन्ट्री, म्हणजे जंगी पलटण. वेढा फोडून निसटायचा पाकिस्तान्यांचा प्रयत्न १० तारखेच्या रात्री तिथंच मोडला. आणि ११ला टांगाईलजवळ विमानांतून उतरली ती २ पॅरा, तीही मूळची मराठ्यांचीच तिसरी पलटण. हे सगळं पुस्तकात आहे. पण ब्रह्मपुत्रा ओलांडल्याचं तिथं एकच वाक्य आहे. सुभेदार साहेबांनी हवालदारांच्या हातातून पुस्तक घेतलं, खिशातली पेन्सिल काढली आणि मला विचारलं, "ल्हिऊ का?" मी हो म्हटलं. त्यांनी समासात लिहिलं: "गावच्या लोकांनी होड्या आणल्या. माझ्या होडीचा म्हातारा पैसे घेईना." बस, एवढंच. पण आता मला ते पान त्या ओळीशिवाय अपुरं वाटतं.

त्यानंतर प्रत्येक पुस्तकात असं झालं. पंजाबातल्या असल उत्तरच्या लढाईचं वाचताना ६५चे काका ऐकत होते. अब्दुल हमीद यांची जीपवरची तोफ, उसाचे फड, आपल्या लोकांनी कालव्याचं पाणी सोडून चिखल केलेली शेतं आणि त्यात रुतलेले पाकिस्तानी पॅटन रणगाडे. काकांनी लिहिलं काहीच नाही. फक्त म्हणाले, "सप्टेंबरचा ऊस. त्यात उभा माणूस दिसत नाही." अन् मग कुणाकडे वळून न बघता आपल्या शेतातल्या उसाला पाणी कधी द्यायचं यावर बोलत राहिले. मी ती ओळ समासात लिहून ठेवली आहे, माझ्या अक्षरात.

एक गोष्ट मला लागून राहिली आहे. १३ सप्टेंबर १९४८, हैदराबाद संस्थानावरच्या पोलीस ॲक्शनचा पहिला दिवस. सोलापूरकडून आलेलं सैन्य नळदुर्गला भिडलं आणि तिथं हवालदार बचित्तर सिंग पडले. मांडीत गोळ्या लागल्यावरही ते सरपटत पुढं गेले आणि हातबॉम्ब टाकून समोरची ब्रेनगन गप्प केली. देशातलं पहिलं अशोक चक्र त्यांचं. आमच्या मंडळातले एक नाईक नळदुर्गजवळच्याच गावचे. पंचवीस वर्षं फौजेत काढली, सीमेवरच्या हुतात्म्यांची नावं त्यांना पाठ, पण हे नाव ठाऊक नव्हतं. "माझ्या शिवाराला लागून मेला की वो तो माणूस," असं म्हणून ते बराच वेळ गप्प बसले. पुढच्या महिन्यात आम्ही सगळे जीप करून नळदुर्गला गेलो. किल्ल्याखाली बोरी नदीच्या काठी उभं राहून हवालदारांनी ती दोन पानं मोठ्यानं वाचली. मुक्तिदिनाला आपण झेंडावंदन करतो, रझाकारांच्या गोष्टी सांगतो, पण पंजाबातून येऊन आपल्या मातीत पडलेल्या माणसाचं नाव आपल्या पोरांना कुणी सांगत नाही. बाबा, तुम्ही सांगत होता का? मला आठवत नाही, आणि त्याचं वाईट वाटतं.

आई, आता तुझ्यासाठी. मागच्या दोन खेपांपासून यांच्या बायकाही येतात. पहिल्यांदा चहा करायच्या निमित्तानं आत बसल्या. ७१चं शेवटचं पान वाचून झालं, १६ डिसेंबर, ढाका, त्र्याण्णव हजार कैदी, आणि सगळे उठायला लागले तेव्हा सुभेदार साहेबांच्या काकू दारातून म्हणाल्या, "एवढ्यात मिटलं व्हय पुस्तक? पुढचं साल कोण वाचणार?" पुढचं साल म्हणजे बहात्तर. साहेब पलटणीतून सुट्टीवर आले तर घराला कडी. बायको आणि आई दुष्काळी कामावर खडी फोडत होत्या. हे ट्रंक खांद्यावर घेऊन तसेच तिथं गेले. काकू म्हणाल्या, आधी ओळखलंच नाही, उन्हानं डोळे दिपले होते. त्या दिवशी घरी मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची भाकरी होती, आणि लढाई जिंकून आलेल्या माणसाला लाल भाकरी वाढायची म्हणून सासूबाई रडल्या.

हे कुठल्या पुस्तकाच्या समासात लिहू? शेवटच्या पानामागं कोरं पान होतं, तिथं लिहिलं. जागा पुरली नाही.

तूही बहात्तरला खडी फोडलीस. कामावर खायला मिळायची त्या सुकडीची गोष्ट तू सांगायचीस, पण मामाची पत्रं यायची, लष्करी टपालाचा ५६ एपीओ शिक्का असलेली, ती कामावरून आल्यावर तुला कोण वाचून दाखवायचं, हे मी कधी विचारलं नाही. काकूंनी मला विचारलं तेव्हा मला उत्तर देता आलं नाही.

डोळ्याच्या ऑपरेशननंतरची तपासणी झाली की दादाला सांगून दोघं या. डिसेंबरचा पहिला रविवार धरा. बाबा, समासातलं सगळं तुम्ही स्वतः वाचा. मी खोडणार नाही, तुम्हीही खोडू नका. आणि आई, मामाची पत्रं ज्या डब्यात आहेत तो डबा तुझ्याकडे पुण्याला आहे की इथं माळ्यावर, तेवढं फोनवर कळव. काकू विचारत होत्या.

तुमची,
बाळी