ओटीपी फडावर जातो

अंबाजोगाई
दिवाळीनंतरचा रविवार

प्रिय नंदे,

तुझा निरोप मिळाला. जानेवारीत येतेस, बारावीच्या पोरांसमोर तासभर बोलतेस, कंपनीकडून लॅपटॉपही मिळवतेस म्हणालीस. बरं वाटलं वाचून. पण खरं सांगू? भाषणाला येऊ नकोस. घरी ये, भाकरी-ठेचा खा, देवीला जाऊन ये. भाषणं इथं उदंड झालीत. कुणीतरी येतं, मोठी स्वप्नं बघा म्हणतं, शाल-नारळ घेतं आणि जातं. स्वप्नं बघायला ह्या लेकरांना शिकवावं लागत नाही. त्यांचं अडतं ते भलतीकडेच.

मी ग्रंथालयात बसते, पण माझ्या टेबलावर पुस्तकांपेक्षा फॉर्मच जास्त येतात. निम्म्या मुलांचे आईबाप ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, आधीच घेतलेली असते, ती कधीच खर्चून गेलेली असते. दिवाळीच्या आगेमागे बिऱ्हाड ट्रॅक्टरवर चढतं. कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी कर्नाटकात. परत यायला मार्च-एप्रिल उजाडतो. आणि बारावीच्या पोरीची सगळी कामं नेमकी ह्याच महिन्यांत: सीईटीचा (इंजिनिअरिंगसारख्या कोर्सच्या प्रवेशपरीक्षेचा) अर्ज, जात पडताळणी, बोर्डाची परीक्षा.

आता गंमत ऐक. अर्ज भरायचा पोरीनं इथं, पण आधारला नंबर बापाचा. म्हणजे ओटीपी जातो फडावर, ऊस तोडतात तिथं. मागच्या हंगामात एकीचा अर्ज भरत होतो. बाप दिवसभर मोळ्या वाहणारा, फोन रात्रीच लागायचा. त्याला वाचता येत नाही, म्हणून आकडे वाचायला चौथीतला धाकटा. "सहा... नऊ... ताई, हा सहा हाय का उलटा नऊ?" असं होईपर्यंत वेळ संपलेली. पुन्हा पाठवा, पुन्हा तेच. मागून आई त्या पोरावर ओरडतेय, बाप आईवर. काही जणांचा तर आधारचा नंबरच बंद, कारण दर हंगामाला नवं सिम. म्हणून आता गणपतीतच, माणसं गावात असताना, आधार केंद्रावर नेऊन पोरीचा किंवा घरी राहणाऱ्या आजीचा नंबर टाकून घ्यायचा, हे मी अकरावीच्या वर्गात जाऊन सांगते. ह्याला कुणी करिअर मार्गदर्शन म्हणणार नाही. पण ह्याच्यावाचून पुढचं एक पाऊल पडत नाही.

त्याहून अवघड पडताळणी. भटक्या-विमुक्तांना जातीचा 21 नोव्हेंबर 1961 च्या आधीचा पुरावा लागतो. ज्यांची घरंच वर्षातले सहा महिने बैलगाडीत होती, त्यांनी कुठला कागद जपायचा? त्या ओटीपीवाल्या मुलीचे आजोबा शाळेत गेलेच नव्हते. शेवटी कळलं, चुलत आजोबा शेजारच्या गावात थोडे दिवस जात होते. तिथल्या मुख्याध्यापकांनी कपाटावरचं गाठोडं सोडलं. जुनं दाखल-खारीज रजिस्टर, कडा वाळवीनं खाल्लेल्या, शाई तपकिरी झालेली. पान उलटता उलटता सापडलं नाव: वडिलांचं नाव, जात, इयत्ता पहिली, आणि शेऱ्यात "गैरहजर, नाव कमी केले". पोरगी त्या ओळीवर बोट ठेवून कितीतरी वेळ बसली. मग उतारा, वंशावळीचं शपथपत्र, हेलपाटे. हे सगळं अकरावीत केलं म्हणून निभावलं. निकालानंतर धावाधाव करणाऱ्यांची राखीव जागा मुदतीच्या घोळात निसटते आणि त्यांना खुल्या जागेवर जावं लागतं, तेही जमलं तर.

मग कॅपचा, म्हणजे शासनाच्या एकत्रित प्रवेशफेऱ्यांचा, पसंतीक्रम. पोरं ऐकीव नावं भरतात, पहिल्या नंबरवर मामा म्हणाला ते कॉलेज. पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय मिळाला तर तो घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या फेऱ्या बंद, हे मामाला कुठं ठाऊक असतं? एकीला एजंटानं मॅनेजमेंट कोट्यातली, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं ती, जागा "पक्की" करून दिली. 2024-25 पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास), ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी शासन भरतं. पण प्रवेश कॅपमधून असला तर. तिची सवलत गेली. एजंट आता फोन उचलत नाही.

सगळ्यांनी इंजिनिअर व्हावं असं माझं मुळीच म्हणणं नाही, बरं का. दहावीतला एक पोरगा जळक्या मोटारी घरीच रिवाइंडिंग करतो. त्याच्या मार्कांकडे बघून सगळे सायन्स घे म्हणत होते. त्याला मी आयटीआयला इलेक्ट्रिशियन घ्यायला लावलं. शिकाऊ उमेदवारी आहे, महावितरणच्या विद्युत सहायक पदाला तोच ट्रेड चालतो. घरच्यांचं तोंड अजून वाकडं आहे. शिवाय पहाटे रस्त्यानं पळणारी पोलीस भरतीवाली पोरं वेगळीच. पळायचा सराव चोख, पण भरती हुकली तर काय, हे विचारलं की गप्प होतात.

आता मुद्द्यावर येते. रजिस्टरवाली पोरगी ह्या वर्षी तुझ्या पुण्यात आलीय, इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला. फी माफ झाली म्हणजे सगळं फुकट, असं घरच्यांना वाटतं. खोलीभाडं, मेस, ड्रॉइंगचं सामान कोण देणार? शिष्यवृत्तीचे पैसे खात्यावर येतात तेव्हा येतात. विद्यार्थी सहायक समितीसारखी वसतिगृहं पुण्यात 1955 पासून आहेत, पुढच्या वर्षी तिथं अर्ज करायला लावीनच. पण पैशाचं मी इथून कसंतरी जुळवते. मला भीती वेगळी आहे. फोनवर ती "सगळं छान चाललंय" म्हणते, आणि तेवढंच म्हणते. मराठी माध्यमातून आलेली. वर्गात सर इंग्रजीत बोलतात, शंका विचारायला उठत नाही. गणितात नापास होऊन केटी लागली की अशी पोरं गुपचूप गावी येतात. आणि गावात एप्रिल-मे म्हणजे लग्नसराई. मग पुढचं तुला सांगायला नको.

तेव्हा लॅपटॉपचं राहू दे. दर रविवारी तिला दोन तास दे. घरी जेवायला बोलाव, शेजारी बसवून गणित कर, सरांना मेल कसा लिहायचा ते दाखव, एकदा तुझ्या ऑफिसात फिरवून आण. "बिचारी" म्हणू नकोस आणि तिच्या बापाची गोष्ट मित्रमैत्रिणींना तिच्यासमोर सांगू नकोस, ती त्या दिवसापासून येणार नाही. पहिले दोन-तीन रविवार ती नुसती हो-नाही करील. चालेल. वरणभातावर तूप जास्त वाढ, तिला आवडतं.

परीक्षा डिसेंबरात आहे, म्हणून ह्याच आठवड्यात फोन कर. नंबर वेगळा पाठवते, तिला विचारलंय. सकाळी करू नकोस, प्रॅक्टिकल असतं. रात्री मेसनंतर कर. काकूंच्या गुडघ्याचं काय झालं तेही कळव.

तुझी,
शैला