पालखीला खांदा द्यायच्या आधी

रत्नागिरी

प्रिय संद्या,

पत्र मिळालं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आता सूज नाही, दुखत नाही, डॉक्टर म्हणाले गुडघा घट्ट आहे, मग शिमग्याला पालखी का नाचवू नको, असं विचारतोस. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून लिहून पाठवतो.

डॉक्टरांनी केली ती लॅकमन टेस्ट. गुडघा जरासा वाकवून, एका हाताने मांडी धरून दुसऱ्याने नडगी पुढे ओढायची. ती सरकली नाही, म्हणजे नवी एसीएल, म्हणजे मांडीचं हाड नि नडगी बांधून ठेवणारं गुडघ्यातलं लिगामेंट, जागेवर आहे. उत्तमच. पण तेव्हा तू टेबलावर आडवा होतास रे! खांद्यावर पालखी, पाय रोवलेला आणि वरून गिरकी, तेव्हा नडगी पुढे तर सरकतेच, शिवाय फिरतेही. गुडघा निसटतो तो तिथे.

त्या एसीएलच्या जागी तुझ्या मांडीमागच्या हॅमस्ट्रिंग स्नायूची शीर (रक्ताची नव्हे, स्नायू हाडाला बांधणारी) काढून, घड्या घालून हाडातल्या बोगद्यांत बसवलीय. बसवली त्या दिवशी ती जेवढी मजबूत होती, तेवढी नंतर राहत नाही. तिचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. आधी आतल्या पेशी मरतात, मग नव्या रक्तवाहिन्या शिरतात, आणि पुढे वर्षभर, कधी त्याहून जास्त, ती हळूहळू लिगामेंटसारखी होत जाते. पहिल्या काही महिन्यांत ती सगळ्यात कच्ची. आणि दुखणं थांबतं तेही नेमकं याच दिवसांत! दिवाळीनंतर ऑपरेशन, फाल्गुनात शिमगा. हिशेब तूच कर.

बोगद्याची जागा, शिरेची जाडी (८ मिलिमीटरपेक्षा बारीक असली तर धोका वाढतो), नडगीच्या माथ्याचा मागचा उतार, हे सर्जनच्या नि देवाच्या हातातलं. त्यावर डोकं शिणवू नकोस. तुझी आतल्या बाजूची गादी (मेनिस्कस, दोन हाडांमधली) मात्र छाटली नाही, शिवली, हे बरं झालं. घाटात एसटीच्या चाकामागे दगड लावतात ना, तशी तिची मागची कड नडगीला पुढे घसरू देत नाही. ती शिवण उसवू नये म्हणून तर उकिडवं बसायला मनाई आहे.

उरलं ते तुझ्या हातात, म्हणजे मांडीत. माझ्याकडे कबड्डीची पोरं येतात, चढाईला वाघ. एका पायावर उडी मारायला सांगतो. चांगल्या पायावर आवाज न करता उतरतात. ऑपरेशनच्या पायावर धप्पकन, आणि गुडघा आत कलंडतो. त्याला स्वतःला कळतही नाही. व्हिडिओ दाखवला की गप्प होतो. स्नायू वेळेवर आवळला नाही की सगळा झटका त्या कच्च्या शिरेवर. दोन्ही मांड्यांच्या ताकदीत दहा टक्क्यांहून जास्त फरक असेपर्यंत मी कुणाला मैदानात सोडत नाही. शिवाय नऊ महिने हवेतच. नॉर्वेतल्या २०१६ च्या अभ्यासात, नऊ महिन्यांपर्यंत परतणं जितकं लांबवलं, तितका दर महिन्यागणिक पुन्हा दुखापतीचा धोका जवळपास निम्म्याने घटलेला दिसला.

तेव्हा यंदा ढोल घे, बसून वाजव. होळी आणायला सड्यावर जाऊ नकोस. जांभ्याच्या उतारावर खांद्यावर झाड घेऊन पाय मुरगळायला क्षणही लागत नाही. मांडीचे व्यायाम चालू ठेव, आणि फिजिओने उडीची परवानगी दिली की समोरून एक व्हिडिओ पाठव, गुडघा दिसेल असा. लुंगी नेसून नको.

काकींना नमस्कार. शिमग्याला येतोय, पुरणपोळ्या ठेवायला सांग.

तुझा,
बाळ्या