दिवाळी पहाटेचे कीर्तन हवेच
आकाशवाणीच्या दिवाळी कार्यक्रमांविषयीचा लेख वाचला. नरकचतुर्दशीच्या पहाटेचे कीर्तन आता कालबाह्य झाले, हे मत पटले नाही. अंगाला तेल-उटणे लागलेले असताना मोबाइल कोण हातात घेणार? त्या वेळी घरभर ऐकू येतो तो रेडिओच. पेटी-तबल्याच्या साथीने रंगलेले नरकासुरवधाचे आख्यान ऐकतच अनेक घरांत अभ्यंगस्नान होते. आकाशवाणी चालवणाऱ्या प्रसार भारती या महामंडळासाठीच्या प्रसार भारती कायदा, १९९० नुसार विविध प्रदेशांच्या संस्कृती व भाषांना पुरेसे स्थान देणे हे सार्वजनिक प्रसारणाचे कर्तव्य आहे. जुनी ध्वनिमुद्रणे जरूर लावावीत. पण प्रत्येक केंद्राने दरवर्षी निदान एका तरी स्थानिक कीर्तनकाराला, शक्यतो नव्या पिढीतल्या, बोलवावे. जिल्ह्याच्या बोलीतले आख्यान खासगी वाहिन्यांवर क्वचितच ऐकायला मिळते.
— एक नियमित श्रोता, कराड